संपादकीय : कोपऱ्यातली सही



गेल्या पावसाळ्यात कार्यालयाच्या माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली काढली. आत मोर्चांचे कापडी फलक होते, शिबिरांच्या अहवालांच्या सायक्लोस्टाइल प्रती होत्या, आणि तळाशी सुतळीने बांधलेला चित्रकार्डांचा संच होता. आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना तो नक्की आठवेल. पुठ्ठ्यावर रंगवलेली चोवीस कार्डं, विषय ‘बाईचा दिवस’. पहाटेच्या पाण्यापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत एकेक काम. बायकांना गोलात बसवायचं, कार्डं हातोहात फिरवायची आणि विचारायचं, ‘या बाईला पगार किती द्याल?’ या एका प्रश्नावर कितीतरी गावांतल्या बैठका रात्री उशिरापर्यंत चालल्या आहेत.

चोवीसपैकी एकोणीस कार्डं उरली आहेत. बाकीची पाच कुठल्या गावात राहिली कुणास ठाऊक. उरलेल्यांतही दोन-तीनांना वाळवी लागलेली. गटाच्या बैठकीत ठरलं की संच दुरुस्त करून पुन्हा छापायचा. एका तरुण कार्यकर्तीने हे काम अंगावर घेतलं. ती चित्रकला शिकलेली आहे. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, ‘ताई, ही चित्रं कुणी काढलीत?’

मी म्हटलं, ‘आपण सगळ्यांनी.’

‘सगळ्यांनी म्हणजे कुणी? हात तर एकाच बाईचा दिसतोय.’

मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने पिशवीतून जुन्या बाजारात मिळालेला एक पत्त्यांचा कॅट काढला. टॅरोचा. माझ्या कपाळावर आठ्या पडल्या. भविष्य सांगण्याचे पत्ते आपल्या कार्यालयात कशाला? ती म्हणाली, ‘भविष्य राहू द्या. याची चित्रं कुणी काढली ते डबीवर शोधा.’ डबीवर प्रकाशकाचं नाव होतं, एका पुरुष लेखकाचं नाव होतं. मग तिने एक पत्ता काढून त्याचा खालचा कोपरा माझ्या चष्म्यापुढे धरला. तिथे वेलीसारखी एकमेकींत गुंतलेली तीन अक्षरं होती : पी, सी, एस.

या तीन अक्षरांनी मला बरंच वाचायला लावलं. आपल्या चित्रकार्डांबद्दल जे निर्णय घ्यायचे आहेत त्यांच्याशी त्याचा थेट संबंध आहे, म्हणून या वेळचं संपादकीय पत्त्यांवर.

आधी भविष्याचं बोलून टाकू, कारण अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या मैत्रिणींची पत्रं येणार हे मला ठाऊक आहे. नवरा परत येईल का, मुलगा होईल का, या काळज्यांवर पैसे उकळणाऱ्यांशी आपलं भांडण जुनंच आहे, आणि टॅरोवालेही त्याला अपवाद नाहीत. पण टॅरोचा जन्म भविष्यासाठी झाला नव्हता. पंधराव्या शतकात, १४४०च्या सुमारास, उत्तर इटलीत हे पत्ते आले ते खेळायला. चार रंग : पेले, नाणी, तलवारी आणि दंड. शिवाय चित्रांचे वेगळे पत्ते, म्हणजे कायमचे हुकूम. आपण हुकूम टाकून हात जिंकतो तसाच तो खेळ. भविष्याचा संबंध जोडला गेला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस, फ्रान्समध्ये. १७८१ साली कूर द जेबलँ नावाच्या विद्वानाने हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान आहे असं लिहिलं आणि लोकांनी ते उचलून धरलं. मायकेल डमेट या इंग्लिश तत्त्वज्ञाने १९८०मध्ये टॅरोच्या खेळाचा सविस्तर इतिहास लिहून हा समज खोडून काढला. तेव्हा गूढविद्या बाजूला ठेवू. आपल्याला पाहायची आहेत ती चित्रं, ती करणारे हात, आणि जुना संच पुन्हा उभा करताना घेतले जाणारे निर्णय.

मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा या सरदार घराण्यांसाठी रंगवलेले जे संच शिल्लक आहेत ते सर्वांत जुन्या टॅरोंपैकी. जाड पुठ्ठा, त्यावर सोन्याचा वर्ख, वर्खावर ठोकून उठवलेली नक्षी. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध संच बियांका मारिया व्हिस्कोंती आणि तिचा नवरा फ्रांचेस्को स्फोर्झा यांच्या घराण्याचा. अठ्ठ्याहत्तर पत्त्यांपैकी त्याचे चौऱ्याहत्तर उरले आहेत, तेही तीन ठिकाणी विखुरलेले. पस्तीस न्यू यॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात, सव्वीस इटलीत बेर्गामोच्या कारारा अकादमीत आणि तेरा एका खाजगी घराण्याकडे. चार गहाळ आहेत : सैतान, मनोरा, नाण्यांचा घोडेस्वार आणि तलवारींची तिर्री.

हा संच पुन्हा छापून लोकांच्या हाती द्यायचा तर या चारांचं करायचं काय? विसाव्या शतकात ज्यांनी तो छापला त्यांनी ते नव्याने काढून घेतले. सैतानाच्या बाबतीत नमुनाही हाती नव्हता, कारण त्या काळच्या मिलानच्या हाताने रंगवलेल्या कुठल्याच संचातला सैतान उरलेला नाही. नवा पत्ता जुन्यांत असा मिसळतो की सोबतची पुस्तिका वाचली नाही, तर कुठला पाचशे वर्षांपूर्वीचा आणि कुठला कालचा हे कळत नाही. गंमत म्हणजे जुन्या संचातलेही सहा हुकूम मागाहून दुसऱ्या कुणी रंगवलेले आहेत. म्हणजे पत्ता हरवणं आणि कुणीतरी तो भरून काढणं तेव्हाही चालूच होतं.

जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्यांचा एक दंडक आहे. रोमच्या केंद्रीय जीर्णोद्धार संस्थेचे पहिले संचालक चेझारे ब्रांदी यांनी तो आग्रहाने मांडला. चित्राचा गळालेला भाग भरताना लांबून चित्र सलग दिसावं, पण जवळ गेल्यावर भरलेला भाग ओळखू यावा. त्यासाठी त्यांच्याकडे बारीक उभ्या रेषांनी रंग भरत. रेषा दिसल्या की बघणाऱ्याला कळतं, हे मूळचं नव्हे. मला हा दंडक फार पटला. दुरुस्तीच्या नावाखाली इतिहास बदलण्याची सोय त्यात उरत नाही.

इतिहास बदलतो कसा ते याच घराण्याच्या आणखी एका संचात दिसतं. हा संच अमेरिकेत येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात आहे. सदुसष्ट पत्ते उरलेत. आपल्या घरच्या कॅटमध्ये प्रत्येक रंगात राजा, राणी आणि गुलाम असतो. या संचात प्रत्येक रंगात सहा दरबारी पत्ते होते : राजा आणि राणी, पुरुष घोडेस्वार आणि स्त्री घोडेस्वार, पुरुष सेवक आणि स्त्री सेविका. सहात तीन बायका. पुढे जो टॅरो सर्वत्र रूढ झाला त्यात राजा, राणी, घोडेस्वार आणि सेवक उरले. घोड्यावरची बाई गेली, सेविकाही गेली. चारांत एक बाई, तीही राणी म्हणून. कुणी हुकूम काढून बायकांना हाकललं असं मी म्हणत नाही. पत्ते कमी करायची वेळ आली तेव्हा कुणाचे गेले, एवढंच पाहा.

आणि आपल्याकडे? पत्त्यांची जुनी कला पुन्हा उभी करणं म्हटलं की आपल्याला सावंतवाडीचा गंजिफा आठवतो. दशावतारी गंजिफ्यात गोल पत्ते एकशेवीस, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत पत्ते. राणी नाहीच. ही कला मरणपंथाला लागली होती, ती १९७०च्या दशकात सावंतवाडीच्या राजवाड्यात पुन्हा सुरू झाली. त्यात राणी सत्वशीलादेवी भोसले यांचा पुढाकार होता. ज्या खेळात राणीचा पत्ता नाही तो एका राणीने वाचवला. त्यांचं नाव आपल्याला माहीत आहे ही चांगलीच गोष्ट. पण राजवाड्यात बसून दिवसभर हे पत्ते रंगवणाऱ्यांची नावं आपल्यापैकी किती जणींना सांगता येतील?

आता त्या तीन अक्षरांकडे येऊ. पी.सी.एस. म्हणजे पामेला कोलमन स्मिथ. जन्म १८७८, लंडन. आईवडील अमेरिकन. बालपणाचा काही काळ जमैकात गेला. तिथे ऐकलेल्या अनान्सी कोळ्याच्या लोककथा तिने १८९९ साली स्वतःच्या चित्रांसह पुस्तकरूपाने काढल्या. पंधराव्या वर्षी ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये चित्रकला शिकायला गेली, पदवी न घेताच बाहेर पडली. एकविसाव्या वर्षापर्यंत आई आणि वडील दोघेही गेलेले. त्यानंतर लंडनमध्ये नाटकांच्या पोशाखांची, नेपथ्याची, पुस्तकांच्या चित्रांची कामं करत ती पोटापाण्याचं बघत होती. १९०३मध्ये तिने ‘द ग्रीन शीफ’ नावाचं छोटं मासिक स्वतः काढलं. चित्रं हाताने रंगवलेली. तेरा अंक निघाले आणि बंद पडलं. त्रैमासिक चालवणाऱ्या आपल्याला यावर वेगळं काही सांगायला नको. १९०७मध्ये न्यू यॉर्कला छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिगलिट्झ याच्या गॅलरीत तिच्या चित्रांचं प्रदर्शन झालं. तोवर त्या गॅलरीत फक्त छायाचित्रं लागत. छायाचित्रांखेरीज इतर कलेचं तिथलं पहिलं प्रदर्शन या बाईचं.

१९०९ साली आर्थर एडवर्ड वेट या गूढविद्येच्या लेखकाने तिच्याकडून टॅरोचा नवा संच काढून घेतला. लंडनच्या विल्यम रायडर आणि सन या प्रकाशकाने तो छापला. काही महिन्यांत तिने जवळपास ऐंशी चित्रं काढली. त्या नोव्हेंबरात स्टिगलिट्झला लिहिलेल्या पत्रात तिने कळवलं की एक मोठं काम अगदी थोड्या पैशांत पुरं केलंय, आणि छपाईही बहुधा वाईटच होणार. एकरकमी मोबदला, पुढे विक्रीतला वाटा नाही.

या चित्रांत तिचं काय आणि वेटचं काय? हुकमाच्या बावीस पत्त्यांवर वेटने तिला बारीकसारीक सूचना दिल्या. म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत तर काही पत्त्यांसाठी तिला चमच्याने भरवावं लागलं अशा अर्थाचं लिहून ठेवलं. पण खरी नवलाई छोट्या पत्त्यांत आहे. तोवर बहुतेक संचांत तलवारींची तिर्री म्हणजे नुसत्या तीन तलवारी, पेल्यांची पंजी म्हणजे पाच पेले. पामेलाने एक्क्यापासून दश्शीपर्यंतच्या पत्त्यांना माणसं दिली, प्रसंग दिले. सांडलेल्या पेल्यांकडे पाहत उभी असलेली आकृती. बर्फात उजळलेल्या खिडकीखालून चाललेली दोन फाटकी माणसं. पहाटे बिछान्यात उठून हातांत तोंड लपवून बसलेली बाई. या पत्त्यांबद्दल वेटने फारसं काही लिहिलेलं नाही. अभ्यासकांचं मत असं की इथे तिला बरीच मोकळीक होती. तिने काही शून्यातून काढलं नाही. सोला बुस्का नावाच्या पंधराव्या शतकातल्या इटालियन संचाची छायाचित्रं नुकतीच ब्रिटिश म्युझियममध्ये आली होती. तीन तलवारींनी भोसकलेलं हृदय त्यातलं. बियांका मारियाच्या संचातून हरवलेली तलवारींची तिर्री आज जगभर ज्या रूपात ओळखली जाते ते रूप एका बाईने जुन्या चित्रावरून नव्याने मांडलेलं आहे.

हा संच जगातल्या सर्वांत जास्त खपणाऱ्या टॅरोंपैकी एक झाला. त्याचं नाव पडलं रायडर-वेट. प्रकाशक आणि लेखक. चित्रकार गायब. वेट खलनायक होता असं मला म्हणायचं नाही. १९०९च्या एका लेखात त्याने तिचं नाव घेतलेलंही आहे. वाईट हेतू कुणाचाच नसावा. चित्र काढणारीला एकदा पैसे दिले की तिचा संबंध संपला, असं सगळ्यांनी धरलं होतं. आपल्याकडे नाही का, घरी बसून पापड लाटणारीला नगावर पैसे दिले की संबंध संपतो?

पुढे ती कॉर्नवॉलला राहायला गेली. १९५१ साली ब्यूड या गावी ती वारली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. जे काही होतं ते तिने सोबत राहणाऱ्या मैत्रिणीच्या नावे केलं होतं, पण कर्ज फेडण्यासाठी सामानाचा लिलाव झाला आणि मैत्रिणीच्या हाती काही आलं नाही. टॅरोची मूळ चित्रंही आज सापडत नाहीत. ब्रिटनमध्ये या चित्रांचा कॉपीराइट २०२१च्या अखेरपर्यंत चालला, कारण तिथला कायदा कलावंताच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं मोजतो. मुदत मोजायला तिचा मृत्यू धरला, पण त्या मुदतीतल्या विक्रीचा एक पेनीही तिच्या हातात पडायची सोय नव्हती.

मूळ चित्रं नाहीत म्हणून हा संच पुन्हा उभा करणाऱ्यांना १९०९-१०च्या छापील पत्त्यांवरच विसंबावं लागतं. मळ कुठला आणि शाई कुठली, पिवळेपणा कागदाचा की रंगाचा, हे एकेका पत्त्यावर ठरवायचं. संग्राहकांनी जुन्या छपाया बारकाईने ताडून पाहिल्या, रेषांतले फरक नोंदले आणि त्या छपायांना नावं दिली ‘पॅम ए’, ‘पॅम बी’, ‘पॅम सी’, ‘पॅम डी’. दुरुस्तीच्या कामात तिचं नाव असं मागच्या दाराने परत आलं. २००९मध्ये, शंभर वर्षांनी, अमेरिकेतल्या प्रकाशकाने ‘स्मिथ-वेट’ या नावाने संच काढला. नाव डबीवर आलं. आणि इतकी वर्षं ते जिवंत कशाने राहिलं? कुणी छापो न छापो, तिने प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात सही केली होती म्हणून.

इथे आपल्यातली कुणीतरी म्हणेल, सही, नाव, श्रेय, हे सगळं व्यक्तिवादी आहे. आपल्या चळवळीची पोस्टर्स, गाणी, पथनाट्यं सगळ्यांची होती, म्हणूनच ती गावोगाव गेली. हे खरं आहे, आणि मीही त्या भूमिकेची होते. नाव न घालण्याची कधी कधी गरजही असायची. सासरी कळलं तर बाहेर पडणं बंद होईल अशा कितीजणी होत्या. पामेलाही याला अपवाद नव्हती. त्याच १९०९मध्ये लंडनला ‘सफ्रेज ॲटेलिअर’ नावाचा कलावंतांचा गट स्त्रियांच्या मताधिकारासाठी पोस्टर्स काढू लागला, त्यात तीही काम करत होती. तिथल्या कितीतरी चित्रांवर चित्रकर्तीचं नाव नसे. चळवळीसाठी आपणहून नाव मागे ठेवणं आणि धंद्यात दुसऱ्यांनी ते डबीवरून वगळणं, या दोन गोष्टी एकाच वर्षात एकाच बाईच्या वाट्याला आल्या. पहिलीत तिची संमती होती. आपल्या संचावर नाव नाही, ते तिला विचारून की आम्हाला विचारायचं सुचलंच नाही म्हणून?

मी जुने अहवाल काढून पाहिले. ‘सामूहिक’ म्हणवणाऱ्या आमच्या कामात लेखन कुणाचं, संपादन कुणाचं, परिषदेत निबंध कुणी वाचला, हे बहुतेक ठिकाणी छापलेलं आहे. त्यात माझंही नाव आहे. चित्रं काढणाऱ्या, कापडावर अक्षरं रंगवणाऱ्या, शिबिरात शंभर जणींचा स्वयंपाक करणाऱ्या मात्र ‘सर्व मैत्रिणी’ या दोन शब्दांत आहेत. बाईच्या बिनमोल श्रमांवर बोलायचं म्हणून जो संच काढला, त्याच संचामागचे श्रम आम्ही बिननावाचे ठेवले. ही चूक आमची आहे आणि ती इथे लिहून ठेवते.

जुन्या मैत्रिणींना विचारत सुटले. एकीला अंधुक आठवलं : गिरणगावातल्या चाळीतली मुलगी होती, रांगोळी फार सुरेख काढायची, दोन शिबिरांना आली, मग लग्न होऊन गेली. सासरी कुठे गेली ते माहीत नाही. लग्नात नाव बदललं असेल, आडनाव तर नक्कीच. पामेलाची निदान तीन अक्षरं कोपऱ्यात होती, आणि ती आयुष्यभर तीच राहिली. आपल्या बायकांची अक्षरंही एका अक्षतांच्या मुठीने बदलतात. शोधायचं तरी कुठल्या नावाने?

तरीही शोधायचं ठरलं आहे. बैठकीत बराच वाद होऊन जे निर्णय झाले ते कळवते. उरलेल्या एकोणीस कार्डांच्या रेषा आणि रंग बदलायचे नाहीत, फक्त डाग काढायचे. हरवलेली पाच नव्याने काढायची, पण प्रत्येकीच्या मागे ‘नव्याने काढलेलं’ असं साल आणि काढणारीच्या नावासह छापायचं. जुन्या संचातली बाई सगळीकडे एकाच जातीवर्गाची दिसते, दलित, आदिवासी, मुस्लिम बाईचा दिवस त्यात नाही, ही टीका रास्त आहे. पण त्यासाठी जुन्या चित्रांत खाडाखोड करून आम्ही तेव्हाच शहाण्या होतो असं दाखवायचं नाही. वेगळ्या काठाची नवी कार्डं जोडायची, आणि ती त्या त्या वस्तीतल्या मैत्रिणींनी काढायची, मानधन घेऊन. संचाच्या विक्रीतला ठरावीक वाटा मूळ चित्रकर्तीच्या नावाने बाजूला ठेवायचा. आणि वेष्टनावर ‘चित्रं :’ असं छापून पुढची जागा कोरी सोडायची. ‘सर्व मैत्रिणी’ असं लिहायचं नाही.

ती कोरी जागा भरायला तुमची मदत हवी आहे. गिरणगावात राहिलेल्या, त्या वर्षांत शिबिरांना आलेल्या कुणालाही काही आठवत असेल तर लिहा. माहेरचं नाव, चाळीचं नाव, कुणाची बहीण, कुणाची भाची, काहीही चालेल. तुमच्या गावी पाचांपैकी एखादं कार्ड राहिलं असेल तर तेही पाठवा. आणि एवढं केलंत की आपापल्या गटाची ट्रंक उघडा. जी पोस्टर्स, जी गाणी, ज्या गोधड्या आत आहेत, त्यांच्या मागे आज आठवतील ती नावं पेन्सिलीने तरी लिहून ठेवा. अर्थात आधी तिला विचारा. नको म्हणाली, तर तिचा नकारही नोंदवा.

त्या बाई कुठे असतील तिथे हा अंक त्यांच्यापर्यंत पोचो. त्यांनी फक्त एवढंच कळवावं की कार्ड क्रमांक सातमधल्या चुलीशेजारी त्यांनी काय ठेवलं होतं. तिथे वाळवी लागली आहे, आणि अंदाजाने भरायची आमची इच्छा नाही.

तुमच्या पत्रांची वाट पाहते.

— संपादक